राखणीचा देव

डाव्या हाताचा उभा पोलादी पंजा, आणि त्यावर टक्क उघडा, निळ्या बुबुळाचा एकच डोळा. हे हेल्मचं चिन्ह. कॉलेजात असताना मी ते पहिल्यांदा वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलं. पंजा झटक्यात जमला, डोळ्यापाशी मात्र अडले. त्याला पापणी काढायची की नाही? पापणी असली की डोळा कधी ना कधी मिटणार, आणि या देवाला ओळखतातच मुळी न झोपणाऱ्या डोळ्यांचा म्हणून. काढलेली पापणी मी खोडून टाकली. कागद तिथे विरविरीत झाला. पुढची दोन वर्षं ते पान प्रत्येक खेळाला माझ्यासमोर असायचं आणि तेवढ्या जागेतून टेबलाचं लाकूड पुसट दिसायचं.

हेल्मचं देऊळ पृथ्वीवर कुठेही नाही. तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधला देव. १९७४ साली निघालेला हा खेळ टेबलाभोवती बसून खेळतात. एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि पुढे काय होणार हे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. या खेळासाठी रचलेल्या जगांपैकी एक म्हणजे 'फरगॉटन रेल्म्स'. एड ग्रीनवुड नावाचा कॅनडातला एक ग्रंथपाल ते लहानपणापासून मनात रचत होता, १९८७ साली ते खेळ म्हणून बाहेर आलं. तिथल्या फेरून खंडावर देवांची नुसती दाटी आहे. पहाटेचा वेगळा, वादळाचा वेगळा, नशिबाची एक देवी, दुर्दैवाची दुसरी. क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर चालणारं पात्र घ्यायचं तर त्यातला एक देव निवडावा लागतो.

मी हेल्म निवडला. राखणदारांचा, पहारेकऱ्यांचा, जागं राहणाऱ्यांचा देव. का निवडला, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. त्याच्या शिकवणीत शौर्याच्या बाता नव्हत्या, तेवढं आवडलं होतं. कुणी टाकलेला विश्वास मोडू नका. उभे राहा, थांबा, नीट बघा. दुबळे, गरीब, जखमी आणि लहान यांना सांभाळा. हत्यारं निगुतीने ठेवा, म्हणजे वेळेला दगा देणार नाहीत. अंगावरचं चिलखत तो कधीच उतरवत नाही. असा हा कठोर देव मुलांच्या खोड्या मात्र इतर कुणाच्याही चुकांपेक्षा सहज पोटात घालतो, असंही त्याच्या वर्णनात एका ओळीत येऊन जातं. ती ओळ मी अधोरेखित केली होती.

आमचा डंजन मास्टर म्हणाला, "नक्की? हेल्मला सहसा कुणी घेत नाही."

"का?"

"मिस्ट्राला मारलं त्याने."

ती गोष्ट त्याने त्या दिवशी खेळ बाजूला ठेवून सांगितली. तिथल्या कालगणनेतलं १३५८ साल. देवांचाही वरचा असा एक आओ आहे. त्याच्याकडच्या नियतीच्या पाट्या चोरीला गेल्या. चोर दोन, जुलमाचा देव बेन आणि मेलेल्यांचा देव मिर्कुल. कबूल कुणीच करेना, तेव्हा आओने झाडून सगळ्या देवांना खाली लोटलं. त्या जगातल्या जमिनीवर, माणसासारख्या देहात, भूक-तहान-मरणासकट. एकट्या हेल्मला तेवढं वगळलं. स्वर्गात परत जाणाऱ्या जिन्यावर कुणीतरी उभं राहायला हवं होतं, आणि जो हललाच नसता असा तो एकच होता. हुकूम साधा होता. पाट्या आणल्याशिवाय कुणाला वर सोडायचं नाही.

मिस्ट्रा ही जादूची देवी. त्या जगातली सगळी जादू एका अदृश्य विणीतून चालते आणि ती वीण म्हणजे जवळजवळ तीच. खाली पडल्यावर बेनने तिला डांबून ठेवलं होतं. माणसांनी तिला सोडवलं, आणि सुटताक्षणी ती जिन्यापाशी आली. चोर कोण हे तिला कळलं होतं, तेच तिला वर जाऊन आओला सांगायचं होतं. हेल्मने विचारलं, पाट्या? पाट्या तिच्याकडे नव्हत्या. मग वाट नाही. तिने समजावून पाहिलं, मग जबरदस्तीने जायला बघितलं, आणि हेल्मने तिला ठार केलं. जादूची देवी मेली तशी वीण उसवली. कुठे मंत्र निर्जीव झाले, कुठे भलतेच उलटायला लागले. पुढे मिडनाइट नावाच्या एका माणूस-बाईला मिस्ट्राच्या जागी बसावं लागलं. हेल्मला मात्र फेरूनमधल्या कित्येकांनी, त्यातही जादूगारांनी, कधी माफ केलं नाही.

"आणि हेल्मचं म्हणणं काय?" मी विचारलं.

"म्हणणं काय असणार? हुकूम होता."

मला ते तेव्हा फार लागलं होतं. आपला देव असा निघावा! तरी मी पात्र बदललं नाही.

त्याच संकटातली टॉर्मची गोष्ट हेल्मच्या शेजारी ठेवली की आणखी बोचते. टॉर्मही कर्तव्याचाच देव. तो टँट्रास नावाच्या शहरासाठी बेनशी लढला, त्याच्या भक्तांनी आपण होऊन आपले जीव त्याच्या बळात मिसळले, आणि त्या लढाईत दोघेही देव मेले. टॉर्म आपल्या धर्माला जागून मेला म्हणून आओने त्याला परत आणलं. आजही त्याचं नाव तिथे प्रेमाने घेतात. दोघांनी कर्तव्यच केलं. एकाला लढायला मिळालं, दुसऱ्याच्या वाट्याला दार आलं.

पुष्कळ वर्षांनी मला या गोष्टीची दुसरी बाजू कळली. १९८९ साली खेळाची दुसरी आवृत्ती येत होती. जादूचे नियम बदलत होते, काही प्रकारची पात्रं गळत होती. जुन्या नियमांनी चालणाऱ्या जगातच हा बदल घडून गेला असं दाखवायला काहीतरी उलथापालथ हवी होती. मारेकऱ्यांचा वर्ग नियमांतून गेला, तर गोष्टीत बेनने आपलं बळ वाढवायला जगातले सगळे मारेकरी एका झटक्यात संपवले. जादू बदलायची, तर जादूच्या देवीला मरावं लागणार. मग तिला मारणार कोण? दुष्टाने मारलं असतं तर ती नेहमीची गोष्ट झाली असती. ते काम जिन्यावरच्या पहारेकऱ्याकडे आलं. हेल्म आओचं ऐकत होता आणि आओ कुणा कचेरीतल्या टेबलाचं. हे कळल्यावर मला त्याची कीव आली नाही, उलट तो एकदम खरा वाटायला लागला. पहाऱ्यावरच्या माणसाला आपल्या हुकमाचं कारण सहसा माहीत नसतंच.

संकट मिटल्यावर आओने आणखी एक नियम केला, यापुढे देवाचं बळ त्याच्या भक्तांवर अवलंबून राहील. गोड बोलणाऱ्या देवांचं ठीक आहे. 'नाही' म्हणणं हेच ज्याचं काम, त्याने काय करायचं? पुढे हेल्म मेलासुद्धा. एका खोट्या अफवेपायी त्याचा जुना मित्र, न्यायाचा देव टिअर, त्याच्याशी द्वंद्व लढला आणि त्याच्या हातून तो गेला. २००८च्या चौथ्या आवृत्तीत हेल्म नाहीच. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तो परत आला, देवांच्या यादीत, तोच पंजा आणि तोच डोळा घेऊन. ही मरणं आणि पुनरागमनं मला फारशी महत्त्वाची वाटत नाहीत. माझं मन जिन्याच्या पहिल्या पायरीपाशीच घुटमळतं.

आपल्याकडे रक्षण आणि राखण असे दोन शब्द आहेत. मूळ एकच, पण वापरून वापरून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रक्षण म्हटलं की तलवार उपसलेली दिसते. ते एका क्षणाचं असतं आणि लोक बघत असतात. राखण रात्रभराची. शेत राखायचं, घर राखायचं, तान्ह्याला राखायचं. मानही राखायचा असतो, आणि समोरच्या माणसाचं मनसुद्धा. हेल्मला इंग्रजीत 'गार्डियन' म्हणतात आणि त्याचं भाषांतर कुणीही 'रक्षक' असं करेल. मी करणार नाही. डोळ्यांत तेल घालून, काहीही घडत नसताना, काही घडू नये म्हणून उभा राहणारा तो राखणदार आहे. नीट राखण झालेल्या रात्रीबद्दल सकाळी सांगण्यासारखं काही उरत नाही.

हे सगळं मी इतक्या तपशिलाने पुन्हा आठवायला लागले ती बाबांच्या आजारपणात.

बाबा झोपायच्या आधी घरभर एक फेरी मारायचे. गॅसचा खटका, मागचं दार, खिडक्या, सगळ्यात शेवटी मुख्य दाराची कडी. कडी लावलेली असली तरी एकदा काढायची आणि पुन्हा लावायची. खट, आणि मग परत खट. हा दुसरा आवाज आला की दादा आणि मी झोपायचो. ते आम्ही ठरवलेलं नव्हतं, मोठं झाल्यावर एकदा बोलता बोलता कळलं की दोघंही त्याच आवाजाची वाट बघायचो.

त्यांना विस्मरण सुरू झालं तेव्हा आधी नावं गेली, मग वार, मग खोल्या. तिसऱ्या वर्षी 'घरी जायचंय' सुरू झालं. संध्याकाळ कलली की अस्वस्थ व्हायचे, रात्री ते वाढायचं. डिमेन्शियात हे अनेकांना होतं, आणि माणूस ज्या घरी जाऊ म्हणतो ते घर म्हणजे बहुतेक वेळा पत्ता नसतो, धीर वाटण्याची एक जागा असते, हे डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. रात्री दोन वाजता त्या समजावण्याचा काही उपयोग होत नाही. बाबा पिशवी भरायचे. एक टॉवेल, टेबलावरचं घड्याळ, कधी टीव्हीचा रिमोट. उजव्या पायात स्वतःची चप्पल आणि डाव्या पायात माझी. दाराशी यायचे, आणि दाराशी मी.

"बाबा, झोपा ना. रात्र आहे."

"मला जायला हवं. घरी वाट बघत असतील."

"हेच घर आहे बाबा."

"अहो, तुम्हाला काय माहीत? सरका बाजूला."

एकदा ते रडले. एकदा त्यांनी मला अत्यंत सभ्यपणे, शब्द जुळवत समजावलं, की हे पाहा, घरात दोन लहान मुलं आहेत, त्यांची आई एकटी आहे, आणि मी गेल्याशिवाय ती मुलं झोपत नाहीत. त्यातली एक मी. त्यांच्याकडे माझ्यासाठीच आणलेला निरोप होता आणि मी त्यांना वर सोडत नव्हते.

आणि एका रात्री त्यांनी जोर लावला. त्यांच्या हातात अजून एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. कडी निघाली, दार वीतभर उघडलं, बाहेरची गार हवा आत आली. मी त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. धरलं म्हणजे आवळलं. दार लावलं, वरचा बोल्ट सरकवला, आणि मग कितीतरी वेळ आम्ही दोघं धापा टाकत उभे होतो, एकमेकांकडे न बघता. सकाळी चहा देताना त्यांची बाही वर सरकली. मनगटावर चार निळे डाग होते, ओळीने, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा एक. मी कपाच्या कानाशी त्यांची बोटं नेऊन ठेवली. तेही त्या डागांकडे बघत होते. म्हणाले, "काहीतरी लागलेलं दिसतंय."

मी चूक केली नव्हती. रस्ता दोन पावलांवर होता, अंधार होता, ते पडले असते, हरवले असते. दार उघडून चाललंच नसतं, हे मी आजही कुणासमोरही सांगेन. तरी त्या चार डागांकडे बघताना मला पहिल्यांदा जिन्यावरचा हेल्म समोरून दिसला. मिस्ट्रा पडल्यानंतरच्या क्षणातला. गोष्टीत त्या क्षणाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. सगळे उसवलेल्या जादूकडे बघतात. जिना तर तिथेच आहे, पहारा संपलेला नाही, आणि आपल्या हातून जे झालं त्याच्यासमोर त्याला तसंच उभं राहायचं आहे.

हेल्म चुकला, असं मलाही वाटतं. पण लोक म्हणतात तिथे चुकला असं वाटत नाही. लोक म्हणतात त्याने तिला सोडायला हवं होतं, तिचं म्हणणं खरं होतं. म्हणणं खरं आहे की नाही हे पहारेकऱ्याने दारात ठरवायचं, तर उद्या बेनही येऊन खरंच वाटेल असं काहीतरी बोलला असता. त्याने जागा सोडली नाही ते बरोबर होतं. पण हुकूम होता तो कुणाला वर न सोडण्याचा. निरोप वर न पाठवण्याचा हुकूम नव्हता. मान वळवून एकदा हाक मारायची होती, की आओ, मिस्ट्रा आली आहे, तिला चोरांची नावं माहीत आहेत. दार बंद ठेवूनही एवढं करता आलं असतं. इतकी युगं तो बाहेरच्या बाजूला बघत उभा होता, की आपल्या पाठीमागेही कुणीतरी आहे हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला. बाबांना 'हेच घर आहे' हे पटवणं मी सोडून दिलं. ते पिशवी घेऊन आले की मी माझी पर्स घ्यायची. "चला, मी सोडते तुम्हाला." दार बंदच. पॅसेजमधून स्वयंपाकघर, तिथून मागची खोली, तिथून परत. वाटेत विचारायचं, मुलं केवढी आहेत, काय करतात. मुलगी हट्टी आहे, पण हुशार आहे, असं मला एकदा कळलं. तीनचार फेऱ्या झाल्या की बाबांचे पाय जड व्हायचे, आणि त्यांच्याच पलंगापाशी मी म्हणायचे, "आलं बघा घर." पाचसात रात्रींतून एखाद्या रात्री ते जमायचं नाही. तेव्हा दाराशी जमिनीवर बसायचो, दोघंही, पिशवी मध्ये ठेवून.

खेळातली एक रात्र मला त्या दिवसांत सारखी आठवायची. आमची टोळी एका पुलापाशी मुक्कामाला होती. मुक्काम पडला की टेबलावर पहिला प्रश्न ठरलेला, "पहिला पहारा कुणाचा?" मी सलग तिसऱ्या रात्रीचा पहारा मागितला. हेल्मची क्लेरिक, दुसरं काय करणार. डंजन मास्टरने जागं राहण्यासाठी फासा टाकायला लावला, आणि चार पडले. म्हणजे झोप लागली. मी चेहरा पाडून बसले, आता हल्ला होणार, सगळे माझ्यामुळे मरणार. तेवढ्यात समोर बसलेला, चोराचं पात्र चालवणारा मित्र शांतपणे म्हणाला, "ती बसल्या बसल्या पेंगली ते मी पाहिलं होतं. तिच्या अंगावर पांघरूण टाकतो आणि पुढचा पहारा मी करतो." हल्ला झालाच नाही. त्या रात्री गोष्टीत काहीच घडलं नाही. एवढी वर्षं झाली, राक्षस आणि खजिने विसरले, ते वाक्य विसरले नाही. न झोपणाऱ्या डोळ्यांच्या देवाला असं कधी कुणी म्हणालं असेल का, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

शेवटच्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीचे दीड-दोन वाजले असतील. बाबा उठल्याचं ऐकलं आणि मी दाराशी जाऊन उभी राहिले. ते आले. या खेपेला हातात पिशवी नव्हती. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, ओळख लागत नसताना बघायचे तसं, भुवया किंचित वर करून.

"तुम्ही केव्हापासून उभ्या आहात इथे?"

"झाला थोडा वेळ."

"बसा की जरा. पाय दुखत असतील."

मी काही बोलले नाही. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल स्वतः ओढून आणलं, दाराशी ठेवलं, आणि मी बसेन म्हणून थांबले तर स्वतःच त्यावर बसले. पाठ ताठ. हात गुडघ्यांवर.

"जा, झोपा तुम्ही," ते म्हणाले. "मी आहे इथे."

हॉलमधल्या सोफ्यावर मी आडवी झाले. वरचा बोल्ट लावला होता की नाही, ते आठवेना. उठून बघायला हवं होतं. उठले नाही. अंधारात त्यांचा आकार दिसत होता, दाराकडे तोंड करून बसलेला. मग ते उठले. कडीवर हात गेल्याचा आवाज झाला. खट. मी श्वास धरून पडून राहिले.

आणि मग परत खट.